वाचकांचे प्रश्न : जपानी हत्यारं पारखून घेताना

घरी हौसेने सुतारकाम करणारे पुण्यात वाढत आहेत आणि त्यांच्या मागोमाग जपानी पटाश्या, रंधे, करवती घेणारेही. या महिन्यात आलेल्या पत्रांचा सूर बराचसा सारखा आहे: आपण पैसे मोजतोय ते मालाचे की नावाचे? निवडक पत्रांना इथे उत्तरं देत आहोत. पहिलं उत्तर मुद्दाम लांब ठेवलं आहे, कारण पुढच्या बऱ्याच गोष्टी त्यावर उभ्या आहेत.

सहा पटाश्यांचा संच ऑनलाइन १,८०० रुपयांना मिळतो आहे. ‘जपानी पोलाद, हातघडणीचा’ असं लिहिलं आहे, पात्यावर जपानी अक्षरंही आहेत. घ्यावा का? — वाचक, कोथरूड

घेऊ नका. जपानच्या दुकानातही साध्या, कारखान्यात बनलेल्या पण अस्सल एका पटाशीला काही हजार येन पडतात. त्यावर वाहतूक, जकात आणि विक्रेत्याचा नफा चढल्यावर सहा नग १,८०० रुपयांत बसूच शकत नाहीत. ‘जपानी पोलाद’ किंवा ‘जपानी पद्धतीची’ हे शब्द कुणीही छापू शकतो आणि अक्षरं तर लेझरने दोन सेकंदांत उमटतात.

ओळख पटवायची ती धातूवरून. अस्सल जपानी पटाशी दोन धातूंची असते. अंग मऊ लोखंडाचं, आणि धारेच्या बाजूला त्यावर तापवून, ठोकून जोडलेला कडक पोलादाचा थर. हे पोलाद इतकं कडक ठेवतात (रॉकवेल मापावर साधारण ६२ ते ६५) की सगळी पटाशी त्याचीच केली तर हातोडीच्या माराने तिचा तुकडा पडेल. मार सोसायचं काम मऊ लोखंड करतं. शिवाय धार लावताना दगडाला पोलादाची फक्त पातळ पट्टी घासावी लागते, त्यामुळे एवढं कडक पोलाद असूनही धार लवकर लागते.

धारेच्या उतारावर या दोन धातूंची सीमारेषा दिसते. दगडावर घासलेल्या पटाशीत लोखंडाचा भाग धुरकट, राखाडी दिसतो आणि पोलादाची पट्टी चकचकीत. नव्या पटाशीचा उतार यंत्रावर बफ केलेला असला तर रेषा दिसत नाही. तेव्हा उतार थिनरने पुसून वरचं लॅकर काढा (नव्या मालावर ते बहुधा असतंच), लिंबाच्या रसाचे दोन-तीन थेंब टाका आणि चार-पाच मिनिटं थांबा. पोलाद जास्त काळं पडतं, मऊ लोखंड फिकं राहतं. मग लगेच पाण्याने धुऊन, कोरडं करून तेलाचा हात फिरवा, नाहीतर रस गंज धरवतो.

नकली मालावर ही रेषा चक्क रंगवलेली असते. आम्लाने किंवा बारीक वाळूच्या फवाऱ्याने उताराचा वरचा भाग धुरकट करतात आणि खालची पट्टी चकचकीत ठेवतात. वरवर बघता दोन्ही सारखंच दिसतं. अशा वेळी १००० नंबरच्या दगडावर उतार पंचवीस-तीस वेळा घासा. रंगवलेली रेषा पुसली जाते आणि सगळा उतार एकाच रंगाचा होतो. खरी रेषा पहिल्यापेक्षा ठळक होते. वस्तू परत करण्याची मुदत असेल तर घरी आल्या आल्या आधी हे करा. घासलेली वस्तू परत घ्यायला विक्रेता खळखळ करील, म्हणून त्याआधी लिंबाच्या रसाची चाचणी झालेली बरी.

त्यानंतर पाठ बघा. जपानी पटाशीची पाठ मधोमध खोलगट असते, म्हणजे दगडावर फक्त कडा आणि धारेजवळची पट्टी टेकते. कडक पोलादाची सपाटी त्यामुळे लवकर साधते. नकली संचात हा खळगा शोभेपुरता कोरलेला असतो आणि भोवतीच्या कडा सपाट नसतातच. सपाट दगडावर पाठ दहा-बारा वेळा फिरवा आणि उजेडात तिरकी धरून पाहा. दोन्ही कडा आणि धारेची पट्टी सलग चमकली पाहिजे. धारेचा एखादा कोपरा मंद राहिला तर तो खाली आहे आणि तिथे पोहोचायला बराच धातू झिजवावा लागेल. मधोमधच चमक आली आणि कडा कोऱ्या राहिल्या तर पाठ फुगीर आहे. तशी पटाशी परत करा. फुगीर पाठ सरळ करता करता खळगा संपतो.

शेवटची चाचणी कानशीची. पाठीच्या कडेवर, धारेपासून शक्य तितकी दूर, जुन्या बारीक कानशीचा कोपरा हलकेच ओढा. कडक पोलादावर कानस काचेवरून सरकावी तशी घसरते. ती चावली आणि भुकटी निघाली तर पोलादाला नीट पाणी दिलेलं नाही, म्हणजे तापवून एकदम गार करून ते पुरेसं कडक केलेलं नाही.

एक गोष्ट मात्र ध्यानात असू द्या. जपानमध्येच बनलेल्या काही स्वस्त पटाश्या अखंड पोलादाच्या, प्लॅस्टिकच्या मुठीच्याही असतात. त्या नकली नव्हेत, प्लायवूड आणि किरकोळ कामाला ठीक आहेत. पण त्यांना हातघडणीची किंमत कुणी मागितली तर देऊ नका.

जोडाची रेषा पट्टीने आखल्यासारखी सरळ असेल तर माल खोटा समजायचा का? — वाचक, सिंहगड रोड

खोटा नव्हे, पण बहुधा हातघडणीचाही नव्हे. लोखंड आणि पोलाद गिरणीतच जोडलेली पट्टी बाजारात मिळते आणि बरेच कारखाने तिच्यापासून पाती करतात. तिची रेषा एकसारखी जाते. लोहाराने स्वतः जोडलेल्या पात्यात ती किंचित लाटेसारखी हलते. पटाशीत बऱ्याचदा पोलाद दोन्ही कडांना वर वळवलेलं असतं, समोरून धारेकडे पाहिलं तर उथळ तबकासारखा आकार दिसतो. गिरणीच्या पट्टीची हत्यारं कामाला उत्तम असतात. फसवणूक होते ती त्या पट्टीला ‘हातघडण’ म्हणून दुप्पट भाव लावला जातो तेव्हा.

रेषा वेडीवाकडी असली तरी हरकत नाही, पण पोलादाची जाडी एका टोकाला भरपूर आणि दुसऱ्या टोकाला कागदासारखी असेल तर नको. रेषेवर काळे ठिपके ओळीने दिसत असतील तर जोडात मळी अडकली आहे. धारेपासून लांबचा एखादा ठिपका चालतो. ओळ धारेकडे उतरत असेल तर पुढे पोलाद तिथून सुटू शकतं.

विक्रेता म्हणतो ‘निळं पोलाद’ सर्वांत भारी, म्हणून पांढऱ्यापेक्षा दीडपट किंमत. त्यात तथ्य आहे का? — वाचक, सहकारनगर

अर्धंच. शिमाने प्रांतातल्या यासुगीच्या कारखान्यात (पूर्वीची हिताची मेटल्स, २०२३ पासून प्रोटेरियल) ही पोलादं बनतात आणि गठ्ठ्यावर चिकटवलेल्या कागदाच्या रंगावरून त्यांना नावं पडली. धातू निळा नसतो. कुणी पात्याची निळसर झाक दाखवून ‘हे बघा निळं पोलाद’ म्हणत असेल तर त्या दुकानातून निघावं, कारण धारेवरची निळी झाक म्हणजे पातं जास्त तापून पाणी उतरल्याची खूण.

पांढऱ्या कागदाचं म्हणजे शिरोगामी हे जवळजवळ निव्वळ लोखंड आणि कार्बन. दोन नंबरात कार्बन १.०५ ते १.१५ टक्के, एक नंबरात १.२५ ते १.३५ टक्के. निळ्या कागदाच्या आओगामीत कार्बन त्याच प्रमाणात, पण वर टंगस्टन (दोन नंबरात १ ते १.५ टक्का, एक नंबरात १.५ ते २ टक्के) आणि थोडं क्रोमियम. टंगस्टनमुळे झीज कमी होते, पाणी देताना लोहाराला थोडी मोकळीक मिळते. बदल्यात दगडावर जास्त वेळ जातो.

आपल्याकडे हा फरक जाणवतो तो सागवानात. सागात सिलिका असते, ती धार भराभर खाते. रोज सागावर काम असेल तर रंध्याला आणि ठोकायच्या पटाशीला निळं पोलाद घ्या, दगडाकडे कमी वेळा जावं लागेल. हाताने ढकलून बारीक साफसफाई करायच्या पटाशीला पांढरं बरं, ते लवकर आणि अतिशय बारीक धार घेतं. कोणतंही असलं तरी पाणी कुणी दिलं यावर निम्म्याहून जास्त अवलंबून असतं. चांगल्या लोहाराचं पांढरं पोलाद हे निष्काळजी कारखान्याच्या निळ्यापेक्षा केव्हाही सरस.

शिसव आणि बाभूळ हे आणखी वेगळं प्रकरण. जपानी पटाशीचा उतार साधारण ३० अंशांचा येतो, तो सीडर-सायप्रससारख्या मऊ लाकडाला आणि बेताच्या कठीण लाकडाला पुरतो. शिसवीत तीच धार दोन-चार ठोक्यांत खिरते आणि मग लोक पोलादाला नावं ठेवतात. शिसवीसाठी शेवटचा एक-दीड मिलिमीटर ३३ ते ३५ अंशांवर आणा. पटाशी खाचेत घालून तरफेसारखी उचकटू नका, कडक धार आडव्या ताणाला उभी राहत नाही.

बोहरी आळीत नामांकित जपानी करवत ऑनलाइनपेक्षा निम्म्या भावात दाखवली. डबा हुबेहूब तोच. खरी की खोटी कसं ओळखावं? — वाचक, पर्वती

डबा सोडून पातं बघा. आज विकल्या जाणाऱ्या बहुतेक जपानी करवतींची पाती बदलता येतात आणि दातांची फक्त टोकं विजेच्या प्रवाहाने क्षणात तापवून कडक केलेली असतात. त्यामुळे दातांच्या टोकांना काळपट-निळसर पट्टी दिसते. ती प्रत्येक दातावर सारख्या उंचीची हवी. नकली पात्यावर पट्टी नसते, किंवा शाईसारखी सरसकट फासलेली असते आणि थिनरच्या बोळ्याने फिकी पडते.

मग भिंग घ्या, दहापट मोठं दाखवणारं पुरे. आडव्या कापाच्या दाताला तीन पैलू असतात: दोन बाजूंना आणि तिसरा टोकावर तिरका. पैलू स्वच्छ, टोक सुईसारखं, आणि दात आळीपाळीने डावी-उजवीकडे एकाच मापाने वाकलेले असले पाहिजेत. नकली मालात ठशाने कापलेले दात दिसतात, बुडाशी बर (कापताना उरलेली धातूची खरखरीत कड) तशीच आणि तिसरा पैलू गायब. व्हर्नियर असेल तर जाडी मोजा. २४० मिलिमीटरच्या दुधारी करवतीचं पातं साधारण अर्ध्या मिलिमीटरचं असतं, आणि पाठीला पट्टी असलेल्या बारीक सांध्याच्या करवतीचं ०.३ च्या आसपास. ०.८ भरलं तर प्रश्नच मिटला.

दुकानदार काप घेऊ देत असेल तर सागाच्या तुकड्यावर गुण्याने रेषा आखून, जोर न लावता, ओढतानाच कापा. पंधरा-वीस ओढींत काप रेषा सोडून सतत एकाच बाजूला जायला लागला तर दातांची वाकण असमान आहे. नामांकित कंपन्यांच्या पात्यांना क्रमांक असतो आणि त्याच क्रमांकाचं सुटं पातं मिळतं. ग्योकुचो आणि ओकादाची झेड-सॉ ही दोन्ही ह्योगो प्रांतातल्या मिकीची, सिल्की शेजारच्या ओनोची. दुकानदाराकडे सुटं पातं नसेल आणि मागवूनही मिळणार नसेल तर करवत खरी असूनही तुमच्या कामाची नाही. कारण कडक केलेले दात कानशीने पुन्हा लावता येत नाहीत. बोथट झालं की पातं बदलायचं.

आणि एक: चौकटीचं जुनं लाकूड कापणार असाल तर आधी खिळे शोधा. एक खिळा पाच-सहा दात घेऊन जातो. अशा लाकडाला आपली नेहमीची करवत वापरा.

जपानहून मागवलेल्या रंध्याचं पातं अर्ध्यातच अडकतं, तोंडापर्यंत येतच नाही. सदोष माल आला का? — वाचक, औंध

नाही. तुमचा रंधा बरोबर आला आहे. जपानी रंध्याचं पातं पाचरीसारखं असतं, वर जाड आणि धारेकडे पातळ. ते ठोकळ्याच्या दोन्ही गालांतल्या खाचांत आवळून बसतं, वेगळी पाचर नसते. ठोकळा ओकचा. तो तुमच्या गावच्या हवेत स्थिरावल्यावर तुम्हीच पातं बसवून घ्यावं या हिशेबाने चांगले कारागीर खाच मुद्दाम घट्ट ठेवतात. पातं सैल, हाताने ढकलून तोंडाबाहेर येणारं असतं तर मात्र तक्रार करायला हवी होती.

आठ-दहा दिवस रंधा घरातच, उन्हापासून दूर, पातं काढून ठेवा. मग पात्याच्या मागच्या बाजूला, म्हणजे ठोकळ्याच्या उतारावर टेकणाऱ्या बाजूला, मऊ पेन्सिल घासा. पातं लाकडी हातोडीने हलके ठोकून, अडेपर्यंत बसवा आणि काढा. उतारावर जिथे काळं लागलं तेवढंच पटाशीने खरवडा, कागदाच्या जाडीएवढं. पुन्हा बसवा. काळे डाग दोन-चार ठिकाणांऐवजी सगळ्या उतारावर पसरायला लागले की बसणी जमते आहे. हाताने ढकलल्यावर धार तोंडापासून तीन-चार मिलिमीटर आत थांबावी आणि उरलेलं अंतर हातोडीच्या ठोक्यांनी जावं, तिथे थांबा. गालांतल्या खाचा रुंद करायच्या मोहात पडू नका. पात्याच्या कडा आणि खाच यांत बाजूला बारीकशी जागा राहिलीच पाहिजे, पण खाचेची उंची वाढवलीत तर पातं कायमचं सैल होतं आणि मागे कागद चिकटवण्याशिवाय इलाज उरत नाही.

ती बाजूची जागा पुण्यात विशेष महत्त्वाची. जुलै-ऑगस्टमध्ये ठोकळा फुगतो, एप्रिल-मेच्या कोरड्या दुपारी आक्रसतो. पातं रुंदीला गच्च बसवलेलं असेल तर उन्हाळ्यात लाकूड आक्रसतं, पोलाद आक्रसत नाही, आणि ठोकळा तोंडापासून तडकतो. काम नसेल तेव्हा पातं ठोकून सैल करून ठेवा. तळही दर ऋतूला सरळ पट्टीने तपासा.

दोष शोधायचा असेल तर तो इथे शोधा: ठोकळ्याच्या दोन्ही टोकांना केसाएवढी चीर, पात्याच्या पाठीवर मगाशी सांगितलेली फुगीर सपाटी, आणि वरचं दुसरं छोटं पातं मुख्य पात्यावर ठेवल्यावर दोन्हींच्या मधून येणारा उजेड. दुसरं पातं डुगडुगत असेल तर वरचे वळवलेले कान थोडे ठोकून ते टेकवता येतं, तो दोष धरू नका. शिसवीसारख्या उलट-सुलट रेषांच्या लाकडाला हे छोटं पातं धारेपासून ०.२ ते ०.३ मिलिमीटरवर आणावं लागतं, त्यामुळे ते तंतोतंत टेकणं गरजेचं.

चियोझुरु कोरेहिदे या नावाचा जुना रंधा एका लिलावात २०,००० रुपयांना आहे. लाकडी पेटी आणि प्रमाणपत्रही आहे. संधी सोडू नये असं वाटतं. — वाचक, डेक्कन

सोडा. कोरेहिदे (१८७४–१९५७) हे तोक्योचे, रंध्याच्या पात्यांसाठी जपानभर मानले गेलेले लोहार. नेमक्या याच कारणाने त्यांच्या नावाची नक्कल फार झाली आहे. अस्सल नग जाणकारांच्या हातून हातात जातात आणि त्यांना याच्या कितीतरी पट किंमत येते. स्वस्त मिळणं हाच इथे पुरावा समजा.

नावावरून पारख करायला शेकडो अस्सल सह्या पाहिलेली नजर लागते. आपल्याला तपासता येतं ते इतकंच: छिन्नीने कोरलेल्या अक्षरात प्रत्येक रेघेची खोली सुरुवातीला आणि शेवटी बदलते, कडेला धातू किंचित उचललेला असतो. ठशाच्या अक्षराचा तळ सपाट असतो. लेझरचं अक्षर उथळ, कडा जळक्या करड्या. पण कोरलेलं अक्षरसुद्धा नकली असू शकतं, म्हणून हे फक्त नकार द्यायच्या उपयोगाचं, होकाराच्या नाही. पेटी आणि पातं यांची सांगड पुढे कुणीही घालू शकतो. आणि गुरूच्या नावातलं एखादं अक्षर घेणाऱ्या शिष्यपरंपरेचे रंधे वेगळे, ते स्वतःच्या नावाने, रास्त भावात मिळतात आणि कामाला सुंदर असतात. कामासाठी हवा असेल तर तसा घ्या.

जुन्या बाजारात जपानी अक्षरांची गंजलेली पटाशी ४०० रुपयांना दिसली. अशी वस्तू घ्यावी का? — वाचक, सोमवार पेठ

घ्यावी, पण जागीच पाच मिनिटं देऊन. वरचा तांबूस गंज काही नाही, रॉकेल आणि घासणीने जातो. पाठीवर, धारेच्या जवळ गंजाने पडलेले खड्डे मात्र घातक, कारण धार झिजत मागे सरकते आणि खड्ड्यात पोहोचली की तिथे दातरा पडतो. नखाने चाचपा, नख अडलं तर खड्डा खोल आहे. मग पाठीच्या खळग्याची उरलेली लांबी बघा. खळगा जवळजवळ संपला असेल तर त्या पटाशीचं आयुष्यही संपत आलं आहे.

धारेवर निळा किंवा जांभळा पट्टा असेल तर कुणीतरी ग्राइंडरवर तापवून तिचं पाणी घालवलं आहे. पट्टा दोन मिलिमीटरचा असेल तर तेवढा भाग थंड पाण्यात बुडवत-बुडवत झिजवून खालचं चांगलं पोलाद मिळतं. पट्टा बोटभर असेल तर राहू द्या.

भेगेची शंका असेल तर रॉकेल लावा, दोन मिनिटांनी कोरडं पुसा आणि त्यावर पांढरा खडू घासा. भेग असेल तर आत मुरलेलं रॉकेल खडूवर ओल्या केसासारखी रेघ काढतं. धारेला काटकोनात गेलेली रेघ दिसली तर पटाशी ठेवून द्या, त्याला दुरुस्ती नाही. मूठ मोडकी असणं हा दोष धरू नका, ती बाभळीची नवी बसवता येते. मात्र मुठीऐवजी थेट लोखंडावरच हातोडे बसून वरचं टोक वाकलेलं असेल तर घेऊ नका.

भाची ओसाकाला नोकरीला आहे, दिवाळीला येणार आहे. तिच्याकडून काय आणि कुठून मागवावं? — वाचक, बाणेर

ओसाकापासून जवळचं, सुतारी हत्यारांचं मोठं केंद्र म्हणजे ह्योगो प्रांतातलं मिकी. तिथे ‘मिचिनोएकी मिकी’ या रस्त्यावरच्या थांब्याला गावच्या हत्यारांचं प्रदर्शन-विक्री दालन आहे, सगळ्या किमतींची हत्यारं एकाच छताखाली हाताळता येतात. त्याआधी कोबेत, शिन-कोबे स्टेशनजवळचं ताकेनाका सुतारी हत्यारांचं संग्रहालय तिने पाहिलं तर चांगला माल दिसतो कसा हे डोळ्यांत बसेल. नीगाता प्रांतातलं सान्जो हे दुसरं केंद्र, पण ते दूर पडेल. साकाई तिला जवळ आहे, मात्र त्याचं नाव स्वयंपाकाच्या सुऱ्यांसाठी.

जपान सरकार १९७४ च्या कायद्यानुसार काही हस्तकलांना पारंपरिक म्हणून मान्यता देतं. घडीव हत्यारं-सुऱ्यांत साकाईला १९८२, मिकीला १९९६ आणि सान्जोला २००९ साली ती मिळाली. अशा मालावर लाल गोळ्याच्या चिन्हाची चिठ्ठी असू शकते. चिठ्ठी असली तर चांगलंच, नसली म्हणून माल कमी ठरत नाही. अनेक चांगले लोहार ती लावत नाहीत.

तिला दुकानात तीन गोष्टी विचारायला सांगा: पोलाद जोडलेलं आहे का, ते कोणतं, आणि घडवलं कुणी. चांगला दुकानदार तिन्हींची उत्तरं लगेच देतो आणि पावतीवर लिहूनही देतो. सुरुवातीला ६, १२ आणि २४ मिलिमीटर अशा तीनच पटाश्या, एक २४० ची दुधारी करवत आणि तिची दोन सुटी पाती आणवा. दहा पटाश्यांच्या संचातल्या निम्म्या वर्षानुवर्षं पेटीत राहतात. तेच पैसे तीन चांगल्या नगांत घाला. सगळं सामानाच्या बॅगेत, धारेवर जाड पुठ्ठा बांधून. विमानात जवळ ठेवू देणार नाहीत. कुरियरने मागवायचं झालं तर जकात, जीएसटी आणि कुरियरवाल्यांचं हाताळणी शुल्क असं तिहेरी ओझं पडतं, ते आधी विचारून मगच किमतीची तुलना करा.

धारेच्या दगडातही नकली माल असतो का? — वाचक, वारजे

असतो, विशेषतः ‘नैसर्गिक क्योतो दगड’ म्हणून विकल्या जाणाऱ्यांत. त्यावरचे खाणीचे शिक्के रबरी ठशाने कुणीही मारतो. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये. १००० आणि ६०००च्या आसपासचा असे दोन कृत्रिम दगड नामांकित कंपनीचे घ्या. शाप्टनच्या प्रो मालिकेत १००० नंबर नारिंगी असतो. हे दगड पाणी शिंपडून वापरायचे, भिजत टाकायचे नाहीत. किंगचा १००० मात्र बुडबुडे थांबेपर्यंत भिजवावा लागतो. नकली किंवा हलक्या दगडात कणांचा आकार सारखा नसतो: १००० वर घासलेल्या पोलादावर एकसारखा मंद पोत येण्याऐवजी मधूनच एखादा खोल ओरखडा उमटतो आणि दगड धुऊनही तो पुन्हा पुन्हा येतो. तसं झालं तर दगड बदला.

नव्या पटाशीच्या मुठीवरचं लोखंडी कडं पहिल्याच दिवशी सुटून हातात आलं. माल नकली निघाला का? — वाचक, हडपसर

नकली नाही. ते कडं तुम्ही बसवायचं म्हणूनच सैल येतं. कडं काढा आणि आतल्या कडेची बर अर्धगोल कानशीने साफ करा, नाहीतर ती लाकूड कापत जाते. मुठीचं वरचं टोक दहा-बारा मिलिमीटरपर्यंत हातोडीने गोल फिरवत हलके ठोकून दाबून घ्या, लाकूड तासू नका. कडं चढवा आणि दुसऱ्या नळीने किंवा कड्याने खाली ठोका, इतकं की वर दोन ते तीन मिलिमीटर लाकूड उरेल. ते उरलेलं लाकूड किंचित ओलं करून हातोडीने कडेकडे पसरवत ठोका, म्हणजे ते कड्यावर झाकणासारखं बसेल.

या पटाश्यांवर लाकडी मोगरी नव्हे, लोखंडी हातोडीच चालवतात. ३७५ ग्रॅमची पुष्कळ. कोरड्या महिन्यांत लाकूड आक्रसून कडं पुन्हा सैल झालं तर तेवढ्यासाठी नवी मूठ नको, कडं आणखी मिलिमीटरभर खाली ठोकून वरचं लाकूड परत पसरवा. पावसाळ्यात पात्याला शिवणयंत्राच्या तेलाचा हात पुरतो. जवस किंवा करडईचं तेल वापरू नका, ते वाळून चिकट थर धरतं आणि त्याच्याखाली गंज दिसत नाही.